गुलकंदातला ‘कंद’ कुठला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. ‘गुलकंद’ फारसीतून आला असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : कंद हा सुरण-रताळ्यांचा, आपला संस्कृत कंद, हिंदीतल्या ‘शकरकंदा’त (म्हणजे रताळ्यात) तो दिसतोच, आपला शब्द परका ठरवायची हौस कशाला?

शकरकंदाचं मान्य. तिथला कंद जमिनीखालचाच. (त्यातली ‘शकर’ मात्र संस्कृत ‘शर्करा’ इराणला जाऊन परतलेली.) पण गुलकंदात जमिनीखालचं काय असतं? गुलाबाच्या पाकळ्या आणि साखर, संपलं. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि ‘क़ंद’ म्हणजे साखर. चहाबरोबर तोंडात धरायच्या साखरेच्या खड्याला इराणात आजही हाच शब्द आहे.

आणि परका कोण ठरवतंय? हा क़ंद मुळात संस्कृत ‘खण्ड’, म्हणजे आपली खांड, एक प्रकारची साखर. फारसीत मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारायचा) ‘ड’ नाही, म्हणून ‘ण्ड’चा ‘न्द’ झाला. ‘ख’मधला ‘ह’कार गळाला. परत आला तेव्हा नुक्ता (‘क़’खालचा टिंब) मराठीने पुसला आणि उरला ‘कंद’, हुबेहूब घरातल्या जुन्या कंदासारखा. सगळा घोटाळा तिथला. शब्द थेट संस्कृतातून उतरला असता तर आपण ‘गुलखंड’ म्हणालो असतो. हाच क़ंद अरबीतून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला, त्याची ‘कँडी’ झाली.

‘खंड म्हणजे नुसता तुकडा, त्याचा गोडाशी काय संबंध?’ हा तुमचा दुसरा आक्षेप मला जास्त रंगतदार वाटला. कारण शर्करेचाही मूळ अर्थ गोड नाही. शर्करा म्हणजे बारीक खडे, कंकर. पाणिनी ‘सिकताशर्कराभ्यां च’ (5.2.104) या सूत्रात तिला वाळूच्या शेजारी बसवतो, आणि लगेच पुढच्या सूत्राने सिद्ध होणारा ‘शर्करिल’ देश म्हणजे खडकाळ-कंकराळ प्रदेश, तिथे मिठाई मिळेल या आशेने कुणी जाऊ नये. सुश्रुतसंहितेत तर मूतखड्याच्या चुऱ्यालाही शर्कराच म्हटलंय. उसाचा रस आटवून दाणे धरले, तेव्हा त्यांना नाव मिळालं ते जिभेवरून नव्हे, हाताला काय लागलं त्यावरून. ढेकूळ फुटलं तो खंड, कणी पडली ती शर्करा. त्या हिशेबाने आपली ‘खडीसाखर’ म्हणजे दोनदा खडीच.