हत्तीच्या पुढे छोटा हत्ती

मला भिंतींचे फोटो काढायचा नाद आहे. आता नाद म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी भारी असेल, तसं काही नाही, रविवारी सकाळी लोक घरी पोहे खात असतात तेव्हा मी गळ्यात कॅमेरा अडकवून कुणाच्या तरी गल्लीत कुणाच्या तरी भिंतीकडे बघत उभा असतो, एवढंच. कॅमेरा सेकंडहँड आहे. त्याची घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यात एका फ्रिजचा फरक आहे, पण तो विषय इथे नको.

माझे दोन मित्र पक्ष्यांचे फोटो काढतात. पहाटे चारला उठून भिगवणला जातात, होडीत कुडकुडत बसतात आणि फ्लेमिंगो नेमका उडाला म्हणून तोंड पाडून परत येतात. मी म्हटलं आपल्याला हे झेपायचं नाही, आपण भिंती घेऊ, भिंत कुठे उडून जाते! तर भिंत उडून जात नाही हे खरंय, पण ती जागची हलत नाही म्हणूनच लोक तिच्यापुढे गाड्या लावतात, तिच्यावरून केबल नेतात, एसीचं ते बाहेरचं खोकं ठोकतात, दोरी बांधून चादरी वाळत घालतात आणि एवढं करून जागा उरलीच तर भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावतात, हे कळायला मला दोन वर्षं लागली. एका भिंतीवर फार सुंदर मोर आहे असं ऐकून गेलो होतो, तर पिसाऱ्याच्या जागी चौदा शुभेच्छुक. सगळे गॉगल घालून.

आणि गल्ली म्हणजे काय असते ते पेठेत फिरलेल्याला सांगायला नको. माझ्याकडे ती साधी अठरा-पंचावन्नची लेन्स आहे, कॅमेऱ्याबरोबर फुकट येते ती. पंचावन्नवर लावली तर भिंतीचं एक पोपडं तेवढं दिसतं, अठरावर लावून कॅमेरा जरा वर केला की अख्खी भिंत घेतल्यासारखी मागे कलते. मग मागे सरकायचं. मागे सरकायला गल्ली आठ फूट. मी एकदा असाच डोळा कॅमेऱ्याला लावून मागे मागे गेलो आणि मागचं दार लोटलेलं होतं, तो थेट एका घरात, तिथे एक गृहस्थ सोवळं नेसून देवपूजा करत होते, त्यांनी घंटा न थांबवता मला डोळ्यांनीच बाहेर काढलं.

मुंबईत तरी बरं असेल म्हणून वांद्र्याला गेलो. चॅपल रोड, रणवार, सगळीकडे भिंतींवर चित्रं, रणजित दहिया यांच्या बॉलिवूड आर्ट प्रोजेक्टची अनारकलीही तिथलीच. पुण्याहून निघून लोकल बदलत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं, आणि अनारकलीच्या पुढे एक प्री-वेडिंगचं जोडपं. तो तिला उचलायचा, फोटोग्राफर म्हणायचा अजून एकदा, तो पुन्हा उचलायचा. पाऊण तासानं बिचाऱ्याची कंबर गेली तेव्हा ते हलले आणि ते हलल्याबरोबर त्या जागी पाण्याचा टँकर आला. मग रिक्लमेशनला गेलो, तिथे एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये काढलेले दादासाहेब फाळके आहेत, अख्ख्या इमारतीएवढे. म्हटलं यांच्या आड येईल एवढी मोठी गाडी तर कुणाकडे नाही. पण एवढे मोठे दादासाहेब फ्रेममध्ये बसवायचे तर मागे जावं लागतं, मागे गेलं की रस्ता येतो, रस्ता ओलांडला की झाड येतं. शेवटी अर्धे दादासाहेब आणि अर्धी बस असा फोटो घेऊन घरी आलो.

त्यापेक्षा आपलं पुणं बरं. भिंती नाही मिळाल्या तर देवळं आहेत, वाडे आहेत, आळ्या आहेत. तांबट आळीत मठारकाम चाललेलं असतं, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर ठोके मारून मारून ती बारीक चकाकती नक्षी उठवतात ना ते, त्याचे फोटो काय सुंदर येतात, पण अर्धा तास एखाद्याच्या तोंडापुढे कॅमेरा नाचवल्यावर तसंच निघून यायला बरं वाटत नाही, मग एक तांब्या घेतो. घरात सध्या पाच तांबे आहेत. बायको म्हणाली पुढच्या वेळी सोनार आळीत जा.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती तर मी चार वेळा जाऊन काढला. १७५४ मध्ये देऊळ बांधायला घेतलं, तीन सोंडांचा गणपती, तो पण मोरावर बसलेला, आणि दर्शनी भिंतीवर सगळं कोरीवकाम. त्यात एके ठिकाणी इंग्रज शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधतायत. पुण्यात गेंडा कुठून आला? तर जाणकार सांगतात की तो तिकडचा, बंगाल-आसामचा, इंग्रजांनी बंगाल घशात घातला त्यावर मारलेला तो शेरा आहे. म्हणजे बघा, भिंतीवरून टोमणा मारायची आपली पद्धत किती जुनी, पाट्या नंतर आल्या. मी तो गेंडा एकदम टकाटक काढला, घरी लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. आई म्हणाली, नंदी वाटतं? म्हटलं नाही गं, गेंडा. मग प्लासीची लढाई, क्लाइव्ह, बंगाल, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, येताना विरजण आणायला सांगितलं होतं.

तर मुद्दा कसब्यातल्या हत्तीचा.

२०१२ च्या सुमारास हर्षवर्धन कदम आणि मंडळींनी पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट म्हणून कसबा पेठेतल्या भिंती रंगवायला घेतल्या होत्या, तेव्हापासून तिथे चित्रं शोधत फिरणं हा माझ्यासारख्यांचा उद्योग झालाय. कुणी काढलं, कधी काढलं हे प्रत्येक चित्राचं सांगता येत नाही, पण एका गल्लीत एक हत्ती आहे असं मला एकानं सांगितलं होतं. रविवारी साडेसहाला गेलो. उजेड असा मऊ, गल्लीत चिटपाखरू नाही, आणि हत्ती होता. खरंच होता, निळा, सोंड वर केलेला. आणि हत्तीच्या बरोब्बर पुढे, त्याच्या पोटाला चिकटून, एक छोटा हत्ती. तोच तो, मालवाहू टेम्पो. मागे भाजीचे रिकामे क्रेट आणि काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’.

टेम्पो कुणाचा म्हणून विचारावं तर विचारायला कुणी नाही. तेवढ्यात एक काका बनियनवर, तोंडात ब्रश, बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, तोंडातला फेस सांभाळत म्हणाले,

“कॉर्पोरेशन?”

“नाही.”

“पेपरवाले?”

“नाही हो.”

ते आत जाऊन चूळ भरून आले. “म्हणजे बिल्डरचे.” यावेळी प्रश्नचिन्ह नव्हतं.

इथे थोडं सांगायला हवं. जुन्या पेठेत कॅमेरा घेऊन वाड्यापुढे उभं राहणं म्हणजे गंमत नाही, कारण वाड्यात भाडेकरू आणि मालक यांचं आपापसात काहीतरी चालू असतं, ते बहुतेक कोर्टात चालू असतं आणि बहुतेक ते आपल्या जन्माच्या आधीपासून चालू असतं. त्यामुळे भिंतीकडे टक लावून बघणारा माणूस हा कुणाच्या तरी बाजूचाच असणार, नुसताच बघायला कोण येतं? मी म्हटलं, अहो मी हौस म्हणून काढतो.

“पैसे मिळतात?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे आजपर्यंत उत्तर नाही. आजवर हे किमान पन्नास जणांनी विचारलं असेल आणि दर वेळी मी काहीतरी डॉक्युमेंटेशन, वारसा वगैरे पुटपुटतो आणि समोरच्याचा संशय पक्का होतो. पण काका व्यवहारी निघाले. म्हणाले, फुकट काढताय ना, मग या इकडे. आणि मला मागच्या बाजूला नेऊन त्यांच्या भिंतीची ओल दाखवली. “हिचा काढा. नीट काढा, तारीख येते का तुमच्यात? वरच्या बाथरूमचं पाणी आहे सगळं, वरचे कबूल होत नाहीत.” मी ओलीचे बारा फोटो काढले. लांबून, जवळून, पोपडे हातात धरून. त्यातला एक खरं सांगायचं तर फारच चांगला आलाय, हिरवट-करडा असा, नकाशासारखा, पण मी वारसा शोधायला आलो होतो आणि वरच्या बाथरूमविरुद्ध पुरावे गोळा करत होतो हे विसरता येत नव्हतं. घरी बायको म्हणालीच, आपल्या बेडरूमच्या ओलीचा फोटो काढायला कधी वेळ मिळाला नाही तो.

परत हत्तीपाशी आलो तर समोरच्या ओट्यावर एक आजी मेथी निवडायला बसल्या होत्या.

“कुणाचा रे तू?”

मी नाव-गाव सांगितलं, त्यांना माझ्यात काही रस नव्हता. म्हणाल्या, “त्या हत्तीला बघायला आलास होय? पोरं आली होती रंगवायला. चहा मीच द्यायचे, दिवसातनं तीनदा. डोळा चुकला होता त्याचा, माणसासारखा काढला होता. मी म्हटलं हत्ती बघितलाय का कधी, हत्तीचा डोळा बारीक असतो, कडेला सुरकुत्या असतात. मग पुसला आणि नीट काढला.”

मी टेम्पोच्या टपावरून डोकावून बघितलं. दोन-तीन पावसाळ्यांनी पायाचा रंग गेला होता, पोटावर गिलावा सुटला होता, पण डोळा होता. बारीक, कडेला सुरकुत्या, आणि थेट आजींच्या ओट्याकडे बघणारा. तेव्हाच मनात पक्कं केलं, आज हा फोटो घेतल्याशिवाय जायचं नाही.

“आजी, हा टेम्पो कुणाचा?”

“पिंट्याचा. उठला नसेल. मार्केट यार्डातनं पहाटे आलाय.”

थांबलो. सात वाजले, साडेसात वाजले, मऊ उजेड जाऊन भिंतीवर उन्हाची एक तिरकी पट्टी आली, म्हणजे आता अर्धा हत्ती पांढराफटक आणि अर्धा काळा येणार हे ठरलं. एका पोरानं माझा फोटो काढा म्हणून पोज दिली, मग त्याच्या बहिणीनं, मग त्यांच्या मांजरीनं. आठला पिंट्याची काकू खाली आली, हातात चहा. तिला काकांनी तोपर्यंत सांगितलेलं होतं की हा माणूस चांगल्या कॅमेऱ्यानं फुकट काढून देतो.

“दादा, आमच्या पिंट्याचा एक काढता का? स्थळासाठी पाहिजे. मोबाइलवरच्यात तो काळा येतो.”

मी म्हटलं, काढतो की, फक्त तेवढी गाडी जरा पुढे घ्यायला सांगा. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार सौदा आहे असं मला तेव्हा वाटलं. पिंट्या अर्ध्या तासानं आला, केस ओले, शर्ट इस्त्रीचा, पायात मात्र स्लीपर. गाडीत बसला, स्टार्टर मारला, आणि त्या दोन वर्षांत पहिल्यांदा एका भिंतीपुढनं एक गाडी माझ्या डोळ्यांदेखत हलली. अख्खा हत्ती दिसला! मी कॅमेरा उचलला, श्वास धरला, आणि पिंट्या उतरून पळत येऊन हत्तीपुढे उभा राहिला.

“इथं बरंय ना काका?”

काका. ठीक आहे.

म्हटलं, जरा बाजूला हो, आधी नुसत्या भिंतीचा एक घेतो. त्यावर काकू म्हणाली, भिंतीचं काय दादा, भिंत कुठे जातीय, ह्याला यार्डात जायचंय परत. माझंच वाक्य मला परत मिळालं. मग काढले. हात खिशात, हात बाहेर, बाजूनं, हसून, न हसता. मग पिंट्या म्हणाला, काका गाडीपण येऊ द्या, स्वतःची आहे, हप्ते फिटलेत. आणि त्यानं जाऊन गाडी परत मागे आणली. बरोब्बर होती तिथे. टायरखाली वीटसुद्धा लावली.

फोटो काढून झाल्यावर तो रिक्षानं कुठेतरी निघून गेला. गाडी तिथेच. आजींनी मला मेथीची एक जुडी दिली, ती मी घेतली, घरी काहीतरी घेऊन गेलेलं बरं असतं.

रात्री फोटो पाठवले. चार दिवसांनी काकूचा मेसेज आला, आधी हात जोडलेले तीन, मग गुलाब, मग मजकूर. “दादा फोटो एक नंबर आलाय सगळ्यांना आवडला. फक्त मागचा हत्ती काढता येईल का. मुलीकडचे विचारत होते सर्कशीत आहे का.”

मग काय, बसलो रात्री जेवण झाल्यावर. आधी सोंड खोडली, मग सुळे, मग पाठ, मागे साधा निळा रंग भरत गेलो, पासपोर्टच्या फोटोला असतो तसा. टेम्पो ठेवला, हप्ते फिटलेत. सगळ्यात शेवटी पिंट्याच्या उजव्या कानामागे तेवढा डोळा राहिला होता, बारीक, कडेला सुरकुत्यांचा, आजींनी पुसून परत काढायला लावलेला. त्याच्यावर माउस नेला दोनदा. मग तसाच ठेवून पाठवून दिला. अजून तरी कुणी विचारलेलं नाही.