साडेबावीस इंच

माझ्या डोक्याचा घेर साडेबावीस इंच आहे. ही माहिती आधार कार्डावर नाही, लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्यालाही नव्हती. गेल्या शनिवारपासून मात्र ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या निम्म्या बाजाराला ती पाठ आहे.

थोडक्यात सांगते. मला चाई आहे. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांना शत्रू समजून त्यांच्यावर चाल करून जाते आणि डोक्यावर गोल चकत्या पडतात. माझ्या चकत्यांनी आपापसांत युती केली आणि मागची बाजू बहुमताने घालवली. म्हणून मी विग लावते. विग उत्तम आहे, महाग आहे, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्याच्या खालच्या टोपीविषयी. विग लोकांसाठी असतो, टोपी माझ्यासाठी, आणि दिवस कसा जाणार हे टोपी ठरवते. ती घट्ट असली की दुपारी चारला कपाळावर लाल पट्टा आणि आत ठणका. सैल असली की टीएमटी बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की माझा भांग डाव्या कानावर.

त्यातून जाती किती! सगळ्यांत स्वस्त ती नायलॉनची, लांब पायमोज्याच्या कापडाची. एका पाकिटात दोन येतात, कारण पहिली नखाने फाटते. ती पातळ असते, विगखाली दिसत नाही, पण जिथे केस नाहीत तिथे गुळगुळीत कातडीवरून गुळगुळीत नायलॉन असं काही सरकतं की विचारू नका. दुसरी जाळीची. ती दोन्ही बाजूंनी उघडी असते. आधी गळ्यात घालायची, मग कपाळापासून मागे वर ओढायची, शेंड्याला रबर लावून आत खोचायची. हवा छान खेळते. मात्र तुळतुळीत जागेवर दिवसभर बसली की रात्री डोक्यावर चौकड्या उमटलेल्या असतात. तिसरी सुती किंवा बांबूच्या धाग्याची. ती मऊ असते, घाम पिते आणि केमोवाल्या बायकांना हीच सुचवतात. पण ती जराशी जाड असते, त्यामुळे विग अर्धा बोट वर उचलला जातो आणि माणूस कायम चकित झाल्यासारखा दिसतो. याशिवाय मखमलीचा पट्टा मिळतो. तो कपाळाशी बांधला की मखमलीची लव विगला धरून ठेवते. त्याचा उपयोग होतो, पण ऑक्टोबरात, ठाण्यात, खाडीवरून येणाऱ्या त्या चिकट हवेत मखमल बांधून गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून दाखवा, मग बोलू. मामलेदारची मिसळ मी आता पार्सल आणते. तिथे बसून खाल्ली की पहिल्या घासाला डोकं पाझरायला लागतं, आणि चारचौघांत टोपीच्या आत बोट घालून खाजवता येत नाही.

तर मला जाळीची, काळी, बेताच्या इलॅस्टिकची हवी होती. ऑनलाइन मागवून झाली होती. जी आली ती एखाद्या नारळाला बसली असती, आणि ‘वैयक्तिक वापराची वस्तू’ म्हणून परत घेत नाहीत. म्हणून बाजारात गेले. लेस, फिती, पिना, मेंदीचे कोन असं सगळं विकणारं चिंचोळं दुकान. खिळ्यांवर ओळीने गंगावनं लटकत होती, खाली खोटे अंबाडे, बाजूला लग्नाच्या खोप्याच्या जाळ्या. माझ्या पुढे एक नवरी मुलगी आणि तिची आई होती. दोघींनी गंगावन आपल्या वेणीला लावून, आरशात बघून, घासाघीस करून घेतलं. कुणी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्या आजीचंही गंगावन होतं, पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. सणाला ती ते सगळ्यांसमोर काढायची. उसने केस आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उजळ माथ्याने वापरले गेलेत. माझा माथा उजळ निघाला एवढंच.

“विगच्या खालची टोपी आहे का, जाळीची?” मी शक्य तितक्या खालच्या आवाजात विचारलं.

शेठनी आधी शॉवर कॅप काढली. मग स्वयंपाकाच्या कामाला घालतात ती कागदी. मग, माझा चेहरा बघून, लहान मुलांची माकडटोपी. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, “विग कुणासाठी गं? गॅदरिंग आहे का मुलांचं?”

मोरपंखी साडीतल्या काकू. हातात फॉलचं बंडल, खांद्याला पर्स आणि चेहऱ्यावर पूर्ण दुपार मोकळी असल्याचा आनंद.

“माझ्यासाठी,” मी म्हटलं.

“तुला कशाला? एवढे छान केस आहेत!” असं म्हणून त्यांनी माझे केस हातात घेतले. घेतले म्हणजे, ओढले. विग आपला बिचारा अर्धा इंच मागे गेला. काकूंच्या चेहऱ्यावर आधी भीती, मग समज आणि मग ती भयंकर गोष्ट आली: कणव. “अगं बाई. पूर्ण गेले?”

“चाई आहे, काकू.”

“गुंजा उगाळून लाव. आमच्या नणंदेच्या सुनेला लावली होती.”

“मग आले का केस?”

“नाही, तिची कातडी सोलली. पण तिने नीट उगाळली नव्हती.” पुढे कांद्याचा रस, लसणाचा रस, आणि रोज सकाळी नखांवर नखं घासण्याचा उपाय झाला. शेठ दरम्यान वर माळ्यावर चढले होते. तिथून एक धुळकट पाकीट खाली आलं. “फ्री साइज आहे ताई, सगळ्यांना बसते.”

“सगळ्यांना बसते म्हणजे कुणालाच बसत नाही,” काकू म्हणाल्या. हे मात्र अगदी खरं बोलल्या. त्यांनी काउंटरवरची लेस मोजायची टेप उचलली आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या डोक्याभोवती गुंडाळली. माप घ्यायची खरी रीत अशी, की समोर केसांची रेघ जिथे सुरू होते तिथून कानांच्या वरून मागे मानेच्या खळगीपर्यंत टेप न्यायची, आणि आधी विग काढायचा. काकूंनी विगवरून, भुवयांवरून आणि एक कान आत घेऊन मोजलं.

“चोवीस!” त्यांनी दुकानाच्या बाहेर जाहीर केलं.

मला हे सहन झालं नाही. माणसाचे केस जातात, अभिमान राहतो. “साडेबावीस,” मी दातांतून म्हटलं. “मी घरी मोजलंय. वरचं विगचं आहे.”

“साडेबावीस बरं का हो, साडेबावीस!” काकूंनी ताबडतोब दुरुस्ती प्रसृत केली. “वरचा दीड विगचा!” समोरच्या गाडीवरचा लिंबं विकणारा माणूस हातातली लिंबं तशीच धरून माझ्या डोक्याकडे बघायला लागला. तो मनातल्या मनात वजाबाकी करत होता.

मग काकूंना नवीन शंका आली. “हे केस असतात कुणाचे? मेलेल्या माणसांचे तर नाहीत ना?”

मी रागावले होते, म्हणून जरा विस्ताराने सांगितलं. भारतातून जगभर जाणाऱ्या केसांत देवळांतल्या केसांचा मोठा वाटा असतो. तिरुमलाला, म्हणजे तिरुपतीच्या बालाजीला, कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडण करतात, देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं, आणि त्यातले लांब केस विगवाल्यांकडे जातात. २००४ साली यावरून थेट ज्यू समाजात वादळ उठलं होतं. तिथल्या कर्मठ घरांतल्या विवाहित बायका डोकं झाकायला विग घालतात. धर्मगुरूंनी निर्णय दिला, की हिंदू देवळातल्या विधीत अर्पण केलेले केस चालणार नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बायकांचे हजारो डॉलरचे विग रस्त्यावर जाळले गेले. माझी अपेक्षा होती की एवढं ऐकून काकू दोन पावलं मागे सरतील.

काकूंनी पर्स काखेत दाबली, दोन्ही हात जोडले आणि माझ्या डोक्याला नमस्कार केला. “गोविंदा!” त्या म्हणाल्या. फॉल घ्यायला आलेल्या आणखी एका बाईंनी काय आहे ते न विचारता नमस्कार केला.

“म्हणजे प्रसादाचेच की गं! आणि हे घालून तू मटणबिटण खातेस?”

“माझे तिथलेच असतील असं काही नाही, काकू.”

“नसतील असंही नाही ना?” या युक्तिवादाला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. काल रात्री सुरमई खाताना विग काढून ठेवला होता, ते गरम होत होतं म्हणून.

इथपर्यंत मी पाकीट उघडून बघितलं होतं. टोपी निघाली विणीची, घट्ट जाळीची. म्हणजे केस शिवून घेतात तेव्हा घालतात ती. त्यात स्वतःच्या केसांच्या डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालतात, वर ही टोपी, आणि मग वाकड्या सुईने केसांच्या पट्ट्या तिला शिवतात. टाका धरावा म्हणून तिची वीण जाड असते. माझ्या काय उपयोगाची? तसं मी शेठना म्हटलं.

“मग शिवूनच घे ना,” काकू म्हणाल्या. “रोजची कटकट नको.”

“शिवायला खाली वेण्या लागतात, आणि वेण्यांना केस. शिवाय फार ओढून शिवलं की मुळांवर ताण येऊन असलेले केसही जातात.”

“थांब,” काकू म्हणाल्या. आणि दाराकडे तोंड करून, “अहो! आत या जरा. डोकं दाखवा.”

बाहेर, ज्यूसच्या दुकानाच्या सावलीत, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एक गृहस्थ इतका वेळ उभे होते. दाट काळे केस, भांग आखीव. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की हे वाक्य त्यांनी याआधीही ऐकलेलं आहे. “अगं, कशाला...” ते पुटपुटले, पण आत आले. अशी माणसं येतातच.

“ह्यांचा केसांचा पॅच आहे,” काकू अभिमानाने म्हणाल्या. “सांगा हो तिला. टोपी घालता का तुम्ही आतून?”

“नाही. डायरेक्ट टेपने चिकटवतात,” काका माझ्याकडे न बघता म्हणाले. मग विषय आपल्या हातात आलाय हे कळताच त्यांना बळ आलं. पिशव्या खाली ठेवून त्यांनी सांगितलं, की दर तीन आठवड्यांनी सर्व्हिसिंग असतं, पॅच काढतात, धुतात, डोकं घासतात, नवी टेप लावतात. पोहायला जाता येतं. “तुम्ही जाता का पोहायला?” मी विचारलं. “नाही. पण जाता येतं.” केस कुठले, असं काकूंनीच विचारलं. काका हळूच म्हणाले, “चायनाचे.” काकूंनी त्यांच्या डोक्याकडे एकवार आणि माझ्या डोक्याकडे एकवार पाहिलं. त्या घरात आता काय चालू असेल, देव जाणे.

आता मला राग कशाचा आला ते सांगते. ओढल्याचा नाही, मापाचाही नाही. केस जाण्याचं दुःख मी करून बसले आहे. रडून, आरसे झाकून, चकत्यांवर सुयांची इंजेक्शनं घेऊन. त्यातून उठून मी बाजारात गेले होते एक साधी वस्तू आणायला, जशी लोकं नाडी आणतात. पण लोकांना मी परत त्या दुःखात जाऊन बसायला हवी असते, म्हणजे त्यांना सांत्वन करता येतं. कांद्याचा रस सुचवणाऱ्याला टोपी विकायची नसते. आणि ज्याला विकायची असते त्याच्याकडे गोऱ्या-गुलाबी रंगाची ‘स्किन कलर’ टोपी असते. ठाणे ते कर्जत, एका माणसाची कातडी या रंगाची मला दाखवा! भांगातून ती अशी चमकते, की समोरचा बोलताना डोळ्यांत बघायचं सोडून वर बघतो. खुशाल बघा, पण निदान वाक्य तरी पूर्ण करा. काळी, गव्हाळ, सावळी टोपी मागितली की उत्तर ठरलेलं: चालत नाही ताई. चालत नाही, कारण ठेवत नाही.

शेवटी शेठना खालच्या खणात काळी जाळी सापडली. एकच पाकीट, दोन टोप्या, हवी तशीच. इलॅस्टिक मऊ. मी पैसे काढायला पर्समध्ये हात घातला. तेवढ्यात काकूंनी त्यातली एक बाहेर काढून दोन्ही हातांनी ताणली, उजेडाकडे धरली, आणि त्यांचे डोळे चमकले.

“चक्का टांगायला काय सुंदर आहे गं!” त्या म्हणाल्या आणि पन्नासच्या नोटा काउंटरवर ठेवल्या. “तुझं काय, तुला मिळेल दुसरी. माझ्याकडे उद्या पंधरा माणसं आहेत श्रीखंडाला.”

शेठनी माझ्याकडे बघून खांदे उडवले. नोटा आधी त्यांच्या आल्या होत्या. मी गुलाबी घेऊन घरी आले.

जाता जाता काकूंनी माझा नंबर घेतला होता, उपाय कळवायला. ते रोज येतात. त्यात गुड मॉर्निंगही आलं. कालच काकांचा फोटो आलाय, सर्व्हिसिंगनंतरचा, पाठमोरा. खाली प्रश्न आहे, “मागून बरं दिसतं ना? तुला यातलं कळतं म्हणून विचारलं. संध्याकाळी लग्नाला जायचंय.” डाव्या कानामागे टेप चांगली बोटभर सुटलेली आहे.

मी अंगठा पाठवला.