काळीचा रिपोर्ट

2025 साली इंग्लंडमधल्या पेटन बंधूंनी 1278.8 किलोचं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, काढलं. ही बातमी गावात मोबाइलवर फिरली आणि पारावर गणित झालंही. "आपली तं काळी हाये भाऊ, आपल्याले दोन टनाचं होईन!" अशा वेळी मी माती तपासायचं नाव काढलं, की काळ्या आईचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितल्यासारखे लोक माझ्याकडे पाहतात.

खरी परीक्षा नमुना घेताना. रब्बी निघाली की लगेच घ्यावा. मे महिन्यात भेगा पडल्या की वरची माती तळाशी गेलेली असते आणि फावडं उलट आपल्यालाच हाणतं. वरचा काडीकचरा सारायचा, वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करायचा आणि त्याच्या धारेवरून वरपासून तळापर्यंत दोन बोटं जाडीची माती कापायची. एका वेलाच्या तुकड्यातसुद्धा आठ-दहा ठिकाणी, नागमोडी फिरून. मदतीला आलेला माणूस मात्र हमखास गुरांच्या कोठ्याजवळची किंवा उकिरड्याकाठची माती टोपल्यात टाकतो. "रिपोर्ट चांगला आला पायजे ना भाऊ!" रिपोर्ट झकास येतो, वेल तेवढा झकास येत नाही. धुरा (बांध), झाडाची सावली आणि खताची जागा सोडायचीच.

सगळी माती गोणपाटावर पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे; अर्धा किलो उरेस्तोवर हेच. सावलीत वाळवून कापडी पिशवीत. युरियाच्या रिकाम्या थैलीत भरली तर रिपोर्टात नत्र (नायट्रोजन) फुकटात वाढतं, आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत कालवली तर जस्त.

आमच्याकडच्या भारी मातीचा कागद बहुधा असा येतो: सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचा आकडा) आठच्या वर, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली, नत्र हेक्टरी 280 किलोपेक्षा कमी म्हणजे 'कमी', जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.6 भाग) आत, म्हणजे तेही कमी. पालाश (पोटॅश) तेवढं भरपूर. कोहळ्याला सामू साडेसहा-सातच्या आसपास हवा. म्हणून सामू उतरवायला कोणी गंधक टाकायला सांगतं. आधी मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकून पाहा. फसफसलं तर चुनखडी आहे, आणि गंधकापासून झालेलं आम्ल ती आधी स्वतःच खाऊन टाकते. तिथे भरपूर कुजलेलं शेणखत आणि जस्त-लोहाची पानांवर फवारणी, दोन्ही अर्ध्या टक्क्याची, हाच मार्ग. कच्चं शेण आणि वर युरियाचा मारा केला, की वेल घराच्या कवेलूवर चढतो आणि फळ धरायचं विसरतो.

शिफारस येते हेक्टरी किलोत, आपला तुकडा 40 चौरस मीटरचा. आकड्याला 10 ने भागलं की चौरस मीटरला लागणारे ग्रॅम निघतात. हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट म्हणजे आपल्याला फक्त 100 ग्रॅम. ते सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नये. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त एकमेकांना धरून बसतात आणि मुळं उपाशी राहतात.

एवढं करून दुकानात गेलं, की दुकानदार 'फुगवणीसाठी' पालाशचीच थैली पुढे करतो. 'पालाश भरपूर' लिहिलेला कागद दाखवला तर म्हणतो, "तो मातीचा हाये, हे कोहळ्यासाठी." जादा पालाशने मॅग्नेशियम अडतं, जुनी पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडतात. तेव्हा पुन्हा त्याच्याकडेच जावं, मॅग्नेशियम सल्फेटही त्याच्याजवळ असतं.