प्लस नाही म्हणजे पीएस५ वर ऑनलाइन बंद? असं नाहीये

"पीएस५ घेतला तर दरवर्षी प्लसचे पैसे भरावेच लागतात, नाहीतर मित्रांसोबत काहीच खेळता येत नाही" असा मेसेज फिरतोय, अर्धा खरा अर्धा थाप. प्लस म्हणजे प्लेस्टेशन प्लस, सोनीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व. फोर्टनाइट, वॉरझोन, एपेक्स, रॉकेट लीग हे फुकटातले गेम प्लसशिवाय बिनधास्त ऑनलाइन चालतात, डाउनलोड करा आणि घुसा. पैसे लागतात ते विकत घेतलेल्या गेमच्या ऑनलाइनला, म्हणजे एफसी (ईएचा फुटबॉल गेम), जीटीए ऑनलाइन वगैरे. एकट्याने स्टोरी खेळायची तर तेही नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर मात्र आधी फुकट गेमलाही गोल्ड (तिथलं प्लससारखं पैशाचं सदस्यत्व) लागायचं, जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने गोल्डचा भाव वाढवायचं जाहीर केलं, लोकांनी असा काही राडा घातला की त्याच दिवशी माघार, आणि एप्रिलपासून फुकट गेमची अटच काढली. जुनी माहिती अजून तिथूनच फिरत असावी.

दुसरं, प्लसचे पैसे कशाला म्हटलं की लोक म्हणतात, "सर्व्हरचा खर्च असतो ना भाऊ." असतो की, पण बरेच गेम पब्लिशरच्या सर्व्हरवर चालतात आणि जीटीए ऑनलाइनचं सेशन तर बरंचसं खेळणाऱ्यांच्याच कन्सोलमध्ये आपापसात जोडलेलं असतं. पीएस३ वर हेच फुकट होतं, २०१३ ला पीएस४ आला आणि मीटर चालू झाला, पीसीवाले स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) आजही यासाठी दमडी देत नाहीत. माझ्या मते ही सरळ सरळ वसुली आहे.

आणि घरात दोघं भाऊ असाल तर दोन प्लस घेऊ नका, सेटिंगमध्ये कन्सोल शेअरिंग चालू ठेवा, एकाच्या प्लसवर त्याच पीएस५ वरचं दुसरं अकाउंटही ऑनलाइन खेळतं.