‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न जरा जपून

‘रुग्णाला रोज न चुकता औषधाची आठवण करून द्या’ हे मानसिक आजारी माणसाच्या घरच्यांसाठी लिहिलेल्या लेखातलं वाक्य मला खटकलं. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं असा आजार; आम्ही यवतमाळकडच्या खेड्यातले. कापसाला बरा भाव आला म्हणून तो जरा मोठ्यानं हसला, तरी आई विचारायची, "गोळी घेतली ना रे?" एक दिवस तो ताटावरून उठलाच. "काहून, मी हसूबी नाही का?" भाकर तशीच राहिली. तेव्हापासून मी सकाळी चहाच्या वेळी एवढंच विचारतो, रात्री झोप लागली का? दोन-तीन रात्री जेमतेम तीन तास झोपूनही तो ताजातवाना दिसला, बैल विकून ट्रॅक्टर घेऊ म्हणू लागला, की समजायचं, मन उसळायला लागलं. तेव्हा वाद घालायचा नाही. "सोमवारी बसून बोलू" म्हणायचं अन् डॉक्टरांना फोन.

लेखात एक गोष्ट राहिलीच. भाऊ लिथियमवर आहे, म्हणजे मन ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळीवर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात. आई आता गोळीचं विचारत नाही. तो वावरात निघाला की पाच लिटरची कॅन सायकलला अडकवून देते.