अंडी फोडली, दात मोजले नाहीत

रविवारी कट्ट्यावर विषय निघाला तो महेशच्या मुलीच्या वहीवरून. ती यंदा अकरावीला, तर्कशास्त्र घेतलंय. पहिल्याच पानावर तेच जुनं: सर्व माणसं मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. तिनं बापाला विचारलं, "बाबा, दर वेळी यालाच का मारतात?" महेशला काही सांगता येईना, म्हणून तो प्रश्न कट्ट्यावर घेऊन आला.

"कारण अथेन्सवाल्यांनी त्याला खरंच मारलं," प्रशांत म्हणाला. "इसवी सनापूर्वी 399. शहराचे देव मानत नाही, पोरं बिघडवतो, म्हणून पाचएकशे नागरिकांच्या ज्युरीपुढं उभा केला आणि विषाचा पेला दिला. तीस मतं फिरली असती तर सुटला असता, असं प्लेटोच्या लिखाणात आहे."

"आणि त्याच्या मागून आलेल्या दोघांवर, त्याचा शिष्य प्लेटो आणि प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल, यांच्यावर अख्खा युरोप उभा आहे," महेश म्हणाला. तो सॉफ्टवेअरमधला. "मी दिवसभर काय लिहितो? हे असेल तर ते. सगळं अ‍ॅरिस्टॉटलचं."

मी त्याला म्हटलं की सॉक्रेटिसचं ते उदाहरण अ‍ॅरिस्टॉटलचं नाहीच, मागाहून चिकटलेलं आहे. त्यानं केलं ते याहून मोठं. माणूस, घोडा, सॉक्रेटिस सगळं बाजूला काढून त्यांच्या जागी नुसती अक्षरं ठेवली: अल्फा, बीटा, गॅमा. त्या जागी काहीही घाला. आधीची विधानं खरी आणि सांगाडा पक्का, तर निष्कर्ष खरा निघणारच. 1854 साली जॉर्ज बूलनं तर्काचं बीजगणित मांडलं, तेव्हा त्याच्यापुढंही हेच तर्कशास्त्र होतं.

प्रशांतला हे पटणार नव्हतंच. तो ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. "तर्क राहू दे तुझा. जड वस्तू लवकर पडते, हलकी सावकाश, असं तो म्हणाला आणि लोक शेकडो वर्षं तेच घोकत बसले. 1255 मध्ये पॅरिस विद्यापीठानं त्याची पुस्तकं अभ्यासक्रमात सक्तीची केली. माणूस सिलॅबसमध्ये गेला की संपला. युरोपाचं नुकसान केलंय त्यानं."

आणि त्यानं खिशातून स्कूटरची किल्ली काढली, चहावाल्याकडून टपरीचं कुलूप मागून घेतलं. "बघ. कुलूप जड, किल्ली हलकी. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, कुलूप आधी पडणार. आता दोन्ही दोऱ्यानं बांधू. किल्ली सावकाश पडणारी, म्हणजे ती कुलपाला मागं ओढणार. जोडी कुलपापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचं वजन कुलपापेक्षा जास्त. म्हणजे ती जास्त वेगानं पडायला हवी. एकाच वेळी हळूही आणि जोरातही? हे गॅलिलिओनं 1638 च्या पुस्तकात लिहिलंय. वस्तू टाकून बघायला पिसाच्या मनोऱ्यावर चढायचीही गरज नाही, कट्ट्यावर बसून अ‍ॅरिस्टॉटल खोटा पडतो."

मला नेमकं इथंच बोलायचं होतं. प्रशांत, अरे, ही युक्ती कुणाची? समोरच्याचं म्हणणं मान्य करायचं, त्याच्याच पायावर दोन पावलं चालायचं आणि त्याला त्याच्याच विरुद्ध उभं करायचं. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात बसून जन्मभर दुसरं काय करत होता? गॅलिलिओचं ते पुस्तकही संवादाच्या रूपातच आहे, प्लेटोसारखं. त्यातल्या अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूनं बोलणाऱ्या पात्राचं नाव सिम्प्लिचिओ, सहाव्या शतकातल्या ग्रीक भाष्यकारावरून ठेवलेलं. ग्रीकाला हरवायला हत्यार ग्रीकाकडूनच घेतलं. शिवाय त्याच सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसनं लिहून ठेवलं होतं की दोन वेगळ्या वजनाच्या वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर वेळेत फरक फारच थोडा पडतो. तोही ग्रीकच.

"थांबा जरा," बाळ्या म्हणाला. तो इतिहासाचा. "फिलोपोनसपासून एकदम गॅलिलिओवर उडी मारलीत. मधली हजार वर्षं ही पुस्तकं होती कुठं? लॅटिन युरोपाकडं अ‍ॅरिस्टॉटलची तर्कावरची दोन-चार पुस्तकं होती, बाकी जवळजवळ नाहीच. बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक आणि त्याची मंडळी ग्रीकमधून सिरियाकमध्ये, तिथून अरबीत भाषांतरं करत होती. बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाच्या इब्न रुश्दनं अ‍ॅरिस्टॉटलवर इतकी भाष्यं लिहिली की पुढं युरोपात त्याला नुसतं ‘भाष्यकार’ म्हणायचे. स्पेनमधल्याच टोलेडोत अरबीचं लॅटिन झालं, मग पॅरिसला कळलं. पाश्चात्त्यांचा वारसा म्हणताना बगदाद गाळू नका."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त एवढंच म्हटलं की वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सिनानंसुद्धा अ‍ॅरिस्टॉटल नुसता जपला नाही, जिथं पटला नाही तिथं सोडला.

आणि हीच गोष्ट मला या सगळ्यात जिवापाड आवडते. सतरा वर्षांचा अ‍ॅरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमीत आला आणि गुरू जाईपर्यंत वीस वर्षं तिथं राहिला. त्याच गुरूचा सगळ्यात लाडका सिद्धांत, दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडं त्यांची परिपूर्ण रूपं असतात हा, त्यानं मुद्दे मांडून खोडला. खोडताना लिहिलं की मित्र आणि सत्य दोन्ही प्रिय, पण मान सत्याला आधी द्यायला हवा. गुरूची शाळा, गुरूचीच पद्धत, आणि उत्तर वेगळं. गुरूला खोडून काढणं ही गुरूची सेवा असू शकते, ही रीत मला ग्रीकांची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

आणि तो नुसता बोलत बसला नाही. लेस्बॉस बेटावर खाडीकाठी मासे, माकुळ बघत राहिला. कोंबडीची अंडी उबवण्याच्या वेगवेगळ्या दिवशी फोडून बघितली. तीन दिवस, तीन रात्री झाल्या की पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो, ते हृदय, आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा उडतो, असं त्यानं लिहिलंय. दहाव्या दिवशी पिल्लू सगळ्या अवयवांसह दिसतं, डोळे मोठे आणि काळे. वाचताना तो अंड्याच्या कवचावर वाकलेला माणूस मला समोर दिसतो.

वर्षा इतका वेळ गप्प होती. तिचा दातांचा दवाखाना कट्ट्यासमोरच आहे. "अंडी फोडून बघितली ना? मग दात का नाही मोजले? बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं याच माणसानं लिहिलंय. त्याचं लग्न झालं होतं. तोंड उघड म्हणायला किती वेळ लागतो?"

कुणीच बोलेना. ती पुढं म्हणाली, "दातांचं सोड. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात, हेही त्याचंच. 1550 मध्ये स्पेनच्या वायादोलिदला वाद भरला, अमेरिकेतल्या मूळ लोकांवर शस्त्र चालवणं न्याय्य आहे का म्हणून. सेपुलवेदा नावाचा स्पॅनिश विद्वान उठला आणि त्यानं अ‍ॅरिस्टॉटल पुढं केला. अ‍ॅरिस्टॉटलच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकाचं लॅटिन भाषांतरही त्यानं केलं होतं. तुझी ती देणगी जहाजात बसून तिकडंही गेली."

मी म्हटलं, त्याच सभेत मूळ लोकांच्या बाजूनं बोलणारा धर्मगुरू लास कासासही होता. रानटी म्हणजे कोण, याचे प्रकार पाडून त्यानं दाखवलं की तिथली माणसं त्या व्याख्येत बसतच नाहीत. तोही अ‍ॅरिस्टॉटलच्याच शब्दांत भांडला.

"आणि निकाल?"

निकाल जाहीर झालाच नाही. तिला ते ठाऊक होतं. इथं माझी बाजू लंगडी पडली आणि मी ती सावरायला गेलो नाही. ज्याला अंडं फोडावंसं वाटलं, त्याला घरात काम करणाऱ्या माणसाला काही विचारावंसं वाटलं नसेल, तर ही चूक नजरेची म्हणता येत नाही. त्याच्या सोयीचं होतं ते.

मग मला त्याचं मृत्युपत्र आठवलं. डायोजिनीस लाएर्शिअस या ग्रीक चरित्रकारानं ते उतरवून ठेवलंय. माझी सेवा करणाऱ्या मुलांपैकी एकालाही विकू नका, त्यांच्याकडून काम घ्या आणि वयात आली की त्यांच्या लायकीप्रमाणे त्यांना मोकळं करा, असं त्यात आहे. मी ते वर्षाला सांगितलं.

तिनं कुलूप-किल्लीचा दोरा सोडवून किल्ली प्रशांतच्या हातात दिली. "म्हणजे कळत होतं त्याला," ती म्हणाली. "मग पुस्तकात का नाही लिहिलं?"

महेश म्हणाला, "हा प्रश्न मी पोरीच्या वहीत लिहितो," आणि पेन मागायला चहावाल्याकडं वळला.