दोन बाइटांचा जाच

फाइल अपलोड म्हणजे एक बटण आणि एक फाइल, असं मानणाऱ्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. बटणामागचा मल्टिपार्ट (अनेक भागांचा) मेसेज हाताने पार्स करायला, म्हणजे त्याचे भाग सुटे करायला बसलं, की चांगला शिकलेला माणूस दोन बाइटांपायी रडकुंडीला येतो.

वरवर सगळं सरळ. मेसेजचा प्रकार सांगणाऱ्या मुख्य कंटेंट-टाइप हेडरमध्ये बाउंडरी, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण मिळते, फार तर 70 अक्षरांची. दोन हायफन, बाउंडरी, त्या भागाचे हेडर, रिकामी ओळ, मग फाइल. शेवटच्या बाउंडरीच्या नंतरही दोन हायफन. मेख अशी, की बाउंडरीच्या आधीचा सीआर-एलएफ (ओळ संपवणारे दोन बाइट) फाइलचा नसतो, बाउंडरीचाच असतो. तो फाइलला चिकटला की प्रत्येक फाइल दोन बाइटांनी बाळसं धरते. फोटो तरीही उघडतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. फाइल जशीच्या तशी आली का हे पडताळणारा चेकसम तेवढा बोंबलतो.

त्यात डेटा येतो तुकड्यातुकड्यांनी. अर्धी बाउंडरी या तुकड्यात, उरलेली पुढच्यात. म्हणून बाउंडरीची लांबी अधिक तीन, एवढे शेवटचे बाइट हातचे राखून ठेवावे लागतात. पार्सरला एकेक बाइट भरवून पाहावं. भल्याभल्यांचं पितळ तिथे उघडं पडतं.

खरा छळ मात्र कंटेंट-डिस्पोझिशनचा, म्हणजे फाइलचं नाव सांगणाऱ्या हेडरचा. अर्धविरामावर ओळ तोडली, की ‘अहवाल; अंतिम; खरंच अंतिम.पीडीएफ’ या फाइलची तीन शकलं होतात, आणि अशी नावं देणारे लोक थोडे नाहीत. ‘नेम’ शोधायला जावं तर तो ‘फाइलनेम’च्या पोटातही सापडतो. नावात दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर ब्राउझर त्याचं %22 करतो, पण टक्क्याच्या चिन्हाला हात लावत नाही. मग आलेलं %22 मुळातलं की ब्राउझरचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मराठी नाव यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात येतं, एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट. पार्सरने ते लॅटिन-1, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट देणारा जुना संकेत, समजून वाचलं की नावाचा पार खिमा. नावासाठी तारांकित फाइलनेम (‘filename*’, जे नावाचा अक्षरसंकेतही सांगतं) वापरावं म्हणाल, तर 2015 च्या आरएफसी 7578 या इंटरनेट-मानकाने फॉर्म-डेटात त्याला साफ मनाई केली आहे.

एवढं सगळं निस्तरावं, तर पलीकडचा कुणी उत्साही कंटेंट-टाइप स्वतःच्या हाताने लिहून पाठवतो. त्यात बाउंडरीच नसते. ‘ती ओळ काढा, ब्राउझर स्वतः घालतो’ म्हटलं, की विचारतो, ‘मग सर्व्हरला कळणार कसं?’